मालबाबूंचा सतरा एकांचा आकडा

“सलामत!” असं म्हणून मालबाबू डावा डोळा मिटायचे, आणि बोटांच्या पेरांवरून धावणारा त्यांचा अंगठा थांबायचा. कुठलाही आकडा समोर आला की आधी हा अंगठा चालू लागे. दोनानं भाग जातो का, तिनानं जातो का, सातानं, अकरानं, तेरानं. गेला, की मालबाबू म्हणत, “टूटा.” ओळखीच्या माणसाची वाईट बातमी सांगावी तसा त्यांचा आवाज व्हायचा. कुठल्याच लहान आकड्यानं भाग गेला नाही, तो शाबूत राहिला, की मग ते “सलामत!”

तुमच्याही गल्लीत असा कोणी असेल. कोणाला कबुतरांचं वेड, कोणाला पंचांगाचं. मालबाबूंना आकडे मोडून बघायचं वेड होतं. औरंगाबाद स्टेशनच्या मालधक्क्यावर ते कारकून होते, म्हणून सगळे त्यांना मालबाबू म्हणत. कोटाच्या खिशात कायम खडू, आणि दाढी पांढरी झाली होती ती वयानं किती आणि खडूनं किती हे सांगणं कठीण. निजामाचं राज्य होतं. मी शाळेत उर्दूतून हिशेब शिकवत असे आणि स्टेशनकडच्या त्यांच्याच गल्लीत नव्यानं राहायला आलो होतो.

सामान उतरवत होतो तेव्हाच ते दाराशी येऊन उभे राहिले. चौकटीवरच्या पत्र्याच्या पाटीवर घराचा नंबर होता, एक्क्याण्णव. अंगठा चालला आणि ते म्हणाले, “सात तेरं एक्क्याण्णव. टूटा. घर हवेशीर हाये मास्तर, पन आकडा टूटा हाये.”

झालं! माझ्या आईनं ते ऐकलं आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिली. मोडक्या आकड्याच्या घरात तिला पाऊल टाकायचं नव्हतं. मालबाबूंना बिचाऱ्यांना काय झालं तेच कळेना. शेवटी ते घरी जाऊन बायकोला घेऊन आले. भाभींनी आईला हाताला धरून आत नेलं आणि नवऱ्याला सगळ्या गल्लीसमोर झापलं. “आकडेच खावा आता, भाकर नाय मिळायची!” मालबाबू खाली मान घालून हसत होते. आमचा घरोबा जमला तो असा.

मालधक्क्यावर गेलं की त्यांची करमणूक पाहण्यासारखी असे. डबे धडधडत येत आणि प्रत्येकावर नंबर. “दहा हजार चारशे तीन. एकशे एक गुनिलं एकशे तीन. टूटा.” “चार हजार नव्व्याण्णव. सलामत!” सलामत डब्यावर ते खडूनं एक बारीक टिंब काढत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “परत आला तर वळख असावी.”

त्यांचा मोठा आकडा त्यांना याच धक्क्यावर भेटला. हमाल पोती मोजताना गोदामाच्या भिंतीवर कोळशानं उभ्या रेघा मारत. एक पोतं, एक रेघ. एकदा सरकीची सतरा पोती उतरली आणि भिंतीवर सतरा रेघा उभ्या राहिल्या. आता उर्दूत एक लिहायचा म्हणजे उभी रेघच. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्याला ती ओळ पोती म्हणूनही वाचता येते आणि आकडा म्हणूनही. मालबाबूंनी तो आकडा म्हणून वाचला. सतरा वेळा एक. एकं, दहं, शतं करत गेलात तर निखर्व, महापद्म, शंकू ओलांडून हा आकडा ‘मध्य’पाशी थांबतो. पुढचं घर परार्धाचं. हमालानं रेघा पुसायला फडकं घेतलं तर मालबाबूंनी त्याचा हात धरला म्हणे.

“मास्तर, ह्यो मोडतो का?” संध्याकाळी त्यांनी मला विचारलं. मी मास्तरकीच्या तोऱ्यात तिनानं, सातानं, अकरानं भाग देऊन पाहिला, कंटाळलो आणि म्हणालो, “मोडत नसेल.”

“नसंल नगं. मोडतो का नाय ते सांगा.”

ते मला सांगता आलं नाही. त्यांना ते शोधून काढायचं होतं, आणि त्यात त्यांची दहा वर्षं गेली.

दहा वर्षांत एकच जोडीदार त्यांना मिळाला. मनमाडचे एक निवृत्त गुरुजी पुस्तकांची पेटी सोडवायला एकदा मालधक्क्यावर आले होते. पेटी सापडेपर्यंत दोघांचं जमलं. गुरुजींनी कागदावर करून दाखवलं की या आकड्याला भाग जायचाच असेल तर तो वाटेल त्या आकड्यानं जाणार नाही, काही ठरावीक आकड्यांनीच जाईल. चौतिसाचा पाढा म्हणत जायचं आणि प्रत्येक वेळी त्यात एक मिळवायचा. पस्तीस, एकोणसत्तर, एकशे तीन, असे. त्यांतलाही जो स्वतःच टूटा तो सोडून द्यायचा. राहतील त्यांनी भागून बघायचं. पाढ्याच्या सम पायऱ्या मालबाबूंच्या वाट्याला आल्या, विषम गुरुजींच्या. आठवड्याला एक पोस्टकार्ड इकडून, एक तिकडून. वर त्या सतरा रेघा आणि खाली नुसत्या जोड्या, कितीनं भागलं आणि बाकी काय उरली.

बाकी शून्य आली, की आकडा मोडला. ती कधीच येत नव्हती.

दुपारी दोन मालगाड्यांच्या मधल्या वेळात ते भागाकार करत. रोज एक, फार तर दोन. शुक्रवारी नमाज पढून आले की माझ्याकडे वही घेऊन यायचे. “एक वळ पडताळून द्या, मास्तर. तुमचा हात पक्का हाये.” मी वहीवरून नजर फिरवायचो आणि म्हणायचो, “बरोबर.” खरं सांगतो, एकदाही मी तो भागाकार करून पाहिला नाही. सतरा अंकांना सात अंकांनी कोण भागत बसणार? त्यांचं समाधान होई, माझा चहा थंड होत नसे.

मग ते वर्ष आलं. मोठ्या देशात झेंडे बदलले होते आणि आमचं राज्य कुणाचं, हे ठरत नव्हतं. फलाटावर खाकीतली पोरं बंदुका घेऊन फिरू लागली. गुलमंडीच्या बाजारात माणसं ओळखीच्याशीही इकडेतिकडे बघून बोलू लागली. आमच्या गल्लीतली तीन घरं एकाच आठवड्यात बंद झाली. माणसं बोचकी घेऊन मनमाडच्या गाडीत बसत, कारण मनमाड म्हणजे सरहद्दीपलीकडे. शाळेत माझ्या वर्गातले बाक रिकामे होत चालले. शिपाई हजेरीपट घेऊन आला की मला उगीच घाम सुटायचा.

मी मालबाबूंना म्हणालो, “ती पोस्टकार्डं बंद करा काही दिवस. तुम्ही डब्यांचे कारकून. डब्यांच्या कारकुनानं आकडे लिहून सरहद्दीपार धाडायचे, हे कुणाला काय वाटेल?”

त्यांना ते खरोखरच समजलं नाही. “पन त्यात डब्यांचे आकडे नायती.”

“ते तुम्हाला माहीत. वाचणाऱ्याला काय माहीत?”

त्यांनी खिशातला खडू बोटांत चोळला. मग म्हणाले, “गुरुजी तिकडं वाट बघत असतील. आपला वाटा थांबला तर त्यांचा बी अडतो, मास्तर.” पुढच्या आठवड्याचं कार्ड त्यांनी स्वतःच्या हातानं टपालात टाकलं.

त्यांना नेलं ते भर दुपारी, धक्क्यावरून. वही नेली, खिशातली दोन कार्डं नेली. दोन दिवसांनी माझ्याच दारात एक जवान उभा राहिला. ठाण्यात बोलावलं होतं, हिशेबाचा मास्तर म्हणून. आईनं माझा सदरा मागून धरला होता, तो मी सोडवून घेतला.

साहेब तरुण होता, बोलायला अदबशीर. मला तशा अदबीची जास्त भीती वाटते. टेबलावर वही उघडी होती. भिंतीकडेला बाकावर मालबाबू बसले होते. कोट नव्हता. मला बघून त्यांचा चेहरा असा खुलला, की मी लगेच दुसरीकडे पाहिलं.

“मास्टर साब, ये सतरा लकीरां क्या हैं? सतरा डब्बे?” साहेबानं विचारलं.

मी आकडा म्हणून सांगितलं. भागाकार म्हणून सांगितलं. साहेब हसला नाही, चिडलाही नाही. वहीच्या शेवटच्या भरल्या पानावर त्यानं बोट ठेवलं. अठरा लाख छत्तीस हजार एक, आणि पुढं बाकी चार लाख चौतीस हजार नऊशे सत्तर. मग त्यानं ती बाकी झाकली आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.

“हिसाब है तो आपका भी यही आएगा. यही आया, तो ये घर जाएंगे.”

इतकं सोपं होतं. खरं म्हणजे इतकं न्यायाचं होतं. मालबाबूंनी तर सुस्कारा सोडला. मास्तरचा हात पक्का, हे त्यांना माहीत होतं.

मी भागू लागलो. दहा वर्षांत पहिल्यांदाच मी तो भागाकार खरोखर करत होतो. टाकाची शाई कागदावर पसरत होती. बाहेर कोणीतरी कोणाला तरी मारत होतं, तेही फार आवाज न करता. माझ्या डोक्यात एकच विचार होता, की साहेबानं माझंही नाव कुठंतरी लिहून ठेवलं असणार. शेवटची वजाबाकी केली आणि बाकी मांडली. पाच लाख चौतीस हजार नऊशे सत्तर.

साहेबानं वहीतल्या बाकीवरचा हात काढला. एका अंकाचा फरक होता, चारच्या जागी पाच.

“मास्तर,” बाकावरून मालबाबू म्हणाले, “हातचा बघा एकदा. हातचा ऱ्हायला आसंल.”

साहेबाची मान वळली. “चुप! सिखाओ मत उसको.”

आता ऐका. पडताळा घ्यायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. अंकांची बेरीज करून नऊ टाकून बघायचं, की चूक आहे का नाही ते कळतं. पडताळा न घेणाऱ्या पोरांना मी शाळेत पट्टीनं फोडून काढत असे. पण मालबाबूंनी सांगितल्यावर मी कागद पुन्हा ओढला असता, तर दोघांचं आधीच ठरलेलं आहे, असं साहेबाला वाटलं असतं. मी त्यांच्यातला ठरलो असतो. मी कागदाला हात लावला नाही. मी म्हणालो, “साहेब, मिळत नाही.”

मालबाबू माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. एखाद्या आकड्याकडे बघत तसे, अंगठा पेरांवर ठेवून.

घरी येऊन मी आधी तेच केलं. नऊ टाकले आणि पडताळा जुळला नाही. मागं मागं गेलो. शेवटून दुसऱ्या वजाबाकीत एक हातचा राहिला होता. तो धरला आणि बाकी चार लाख चौतीस हजार नऊशे सत्तर आली. सूर्य अजून मावळला नव्हता. मी चप्पल घातली, कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथं खाकीतली दोघं उभी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, पण मी परत आलो. दुसऱ्या दिवशी शाळेचं कारण होतं. तिसऱ्या दिवशी गेलो, हातात नीट लिहिलेला भागाकार घेऊन. साहेब भेटला नाही. हवालदार म्हणाला, “मालबाबू? उनो तो गए, दूसरे जिल्हे की जेल में.” कागद त्यानं घेतला नाही.

पोलिस ॲक्शन झाली आणि तुरुंग उघडले. लोक हार घेऊन स्टेशनावर गेले होते. मीही गेलो. दोन दिवस येणारी प्रत्येक गाडी पाहिली. त्याच तुरुंगातून सुटलेल्या एकानं सांगितलं, की मालबाबू फाटकातून बाहेर पडलेले त्यानं पाहिले होते. गाड्यांचा भरवसा नव्हता, म्हणून ते पायीच निघाले, एकटे. त्या आठवड्यात आमच्या मुलखात दाढीवाल्या माणसानं एकट्यानं रस्त्यानं चालायचे दिवस नव्हते. याहून जास्त कोणाला काही माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असेल ते सांगणार नाहीत.

पुढं पुष्कळ वर्षांनी एका कॉलेजच्या वाचनालयातल्या जाड पुस्तकात मला तो आकडा सापडला. मोडतो. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं बरोबर भाग जातो, बाकी शून्य. चौतिसाच्या पाढ्यातली ती विषम पायरी आहे, म्हणजे मनमाडच्या गुरुजींच्या वाट्याची. आणखी थोडी वर्षं तसंच चाललं असतं, तर उत्तर पोस्टकार्डानं घरी आलं असतं. मी पुस्तक मिटलं आणि तिथंच बसून रडलो. ग्रंथपालानं पाणी आणून दिलं.

पण मला शेवटचं सांगायचं आहे ते त्याच्या पुष्कळ आधीचं. मालबाबूंची वाट बघणं भाभींनी सोडलं नव्हतं, त्या हिवाळ्यातलं. गल्लीत सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की मास्तर ठाण्यात जाऊन आला, मालबाबूंसाठी बोलून आला. भाभी माझ्या आईपाशी मला दुवा देत. ते मला ऐकवेना. एका सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्या चुलीपाशी भाकरी करत होत्या. मी दारातच बसलो आणि सगळं सांगितलं, हातच्यासकट, साहेबाच्या अटीसकट, कोपऱ्यावरून परत आलो त्यासकट.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग हात पुसून आत गेल्या, कोनाड्यातून मालबाबूंचा खडू आणला आणि माझ्यापुढच्या फरशीवर ठेवला.

“करून दाखवा.”

“भाभी…”

“मला वाचता येत नाय. पन दिसंल. करा.”

मी फरशीवर सतरा रेघा मारल्या आणि भागायला लागलो. प्रत्येक हातचा धरला. शेवटी नऊ टाकून पडताळा घेतला. चार लाख चौतीस हजार नऊशे सत्तर. मी खडू खाली ठेवला.

“आता बराबर आलं?”

“आलं.”

भाभींनी तव्याकडे पाहिलं. भाकरी तिथंच होती, आत्ता कुठं कडेनं करपायला लागली होती. त्या फरशीवरच्या आकड्यांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

“एवढंच करायचं व्हतं, मास्तर?”

मी हो म्हणालो.